जाड तेल, पातळ तेल

'सर, गाडी जुनी झाली. आता जरा जाड ऑइल टाकू.' गॅरेजमधले हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलेले असते आणि मिस्त्रीच्या हातात २०डब्ल्यू-४० चा डबा असतो. कोणाचे ऐकावे?

आधी तेल इंजिनात नेमके काय करते ते पाहू. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. त्याने बेअरिंगला वरच्या बाजूला एक भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. त्याने बूच मारले. ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी दाबमापक लावल्यावर तेलाचा दाब सरासरी भाराच्या दुपटीच्या घरात असल्याचे दिसले. याचे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडले. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढतो, तेथे तेलाची पाचर तयार होते आणि तिच्या दाबावर आस चक्क तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. हा पापुद्रा बहुधा काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असतो.

पाचर टिकते ती तेलाच्या श्यानतेमुळे, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधामुळे. श्यानता फार कमी झाली तर पापुद्रा फाटतो आणि धातू घासतो. फार वाढली तर तेल ढवळण्यातच इंजिनाची शक्ती आणि आपले पेट्रोल खर्च होते.

आता डब्यावरचे आकडे. डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे, विंटर. मागचा आकडा (३०, ४०) १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या श्यानतेचा गट सांगतो: ३० साठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० साठी १२.५ ते १६.३. (साध्या पाण्याची श्यानता २० अंशांना सुमारे १ सेंटिस्टोक.) पुढचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा. २०डब्ल्यू तेलाची ही परीक्षा उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. मग नागपूरकराला डब्ल्यूशी काय देणेघेणे? थोडे आहे. कमी डब्ल्यूचे तेल सकाळच्या २० अंशांनाही सहसा लवकर वाहते आणि लवकर वर चढते.

येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. नेहमीच्या १०डब्ल्यू-३० तेलाची श्यानता ४० अंशांना ७० सेंटिस्टोक्सच्या आसपास असते. २०डब्ल्यू-४० ची १०० अंशांना १५ च्या आत. म्हणजे 'पातळ' तेल कोमट असताना गरम 'जाड' तेलाच्या चौपटीहून अधिक घट्ट असते! तापल्यावर तेल जाड होते हा समज चुकीचा आहे. प्रत्येक तेल तापल्यावर पातळच होते. दोन आकड्यांच्या तेलात लांब साखळीचे बहुवारिक रेणू घातलेले असतात. थंडीत ते गुंडाळलेले राहतात, उष्णतेत पसरतात, त्यामुळे पातळ होण्याचा वेग कमी होतो, एवढेच. वापरात या साखळ्या तुटतात. तेल ठरल्या वेळी बदलण्याचे हेही एक कारण.

तेव्हा इंजिन सुरू करतानाचा पहिला अर्धा मिनिट विचारात घ्यावा लागतो. थंड जाड तेल पंपातून सावकाश सरकते. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की झडप उघडते आणि काही तेल परत टाकीत जाते. वरच्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो. दाब जास्त म्हणजे पुरवठा जास्त असे मात्र नव्हे.

मग मिस्त्री अगदीच चुकतो का? नाही. झिजलेल्या इंजिनातल्या फटी रुंदावलेल्या असतात; जाड तेलाने खडखड कमी होते, रिंगांवरून वर जाऊन जळणारे तेलही थोडे घटते. पण झीज भरून येत नाही, ती ऐकू येईनाशी होते. निळा धूर येत असेल तर रिंगा तपासून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते. पुष्कळ पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार दोन-तीन श्रेणी दिलेल्या असतात. त्यांतली घ्यायला काहीच हरकत नाही. एकच श्रेणी दिली असताना एक पायरी वर गेल्याने इंजिन लगेच बंद पडत नाही. उलट, त्याहून पातळ तेल घालून भर उन्हात घाट चढणे अधिक धोक्याचे. आणि मोटारसायकलमध्ये मोटारीचे तेल, आकडे जुळत असले तरी, घालू नये. बऱ्याच मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो.

हे वर्गात दाखवता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयात रेडवूडच्या उपकरणातून ५० मिलिलिटर तेल वाहायला लागणारे सेकंद मोजतात. आपल्याकडे ब्युरेट आहे. तीत ५० मिलिलिटर १०डब्ल्यू-३० भरून तोटी पूर्ण उघडावी व वेळ नोंदवावा; मग त्याच ब्युरेटमधून २०डब्ल्यू-४०. नंतर दोन्ही तेले गरम पाण्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवावीत आणि पुन्हा वेळ घ्यावा. थंड असताना दोहोंत किती सेकंदांचे अंतर होते आणि गरम झाल्यावर किती उरले, हे मुलांनाच मांडू द्यावे. ब्युरेट शेवटी रॉकेलने, मग साबणाने स्वच्छ धुवावी. नाहीतर रसायनशास्त्राच्या बाई ती पुन्हा द्यायच्या नाहीत.