चार महिन्यांचा हंगाम, नऊ महिन्यांचा गुडघा

अमेरिकेतील विद्यापीठांचा महिला फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘सॉकर’चा, हंगाम फार आटोपशीर असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सराव शिबिर, ऑगस्टच्या मध्यापासून सामने, नोव्हेंबरमध्ये ६४ संघांची राष्ट्रीय बाद फेरी आणि डिसेंबरमध्ये अंतिम सामना. जेमतेम चार महिन्यांत संघ वीसच्या आसपास सामने खेळतो. अनेकदा एक सामना गुरुवारी आणि दुसरा रविवारी असतो. मधल्या वेळात प्रवास, तास आणि परीक्षा. खेळाडूच्या वाट्याला असे हंगाम परंपरेने चारच येतात.

अशा वेळापत्रकात गुडघ्यातील एक लिगामेंट फाटले तर काय होते? ते पूर्ववत होऊन मैदानावर परतायला किमान नऊ महिने लागतात. म्हणजे चालू हंगाम तर जातोच. दुखापत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली तर पुढच्या हंगामाची तयारीही हातची निसटते. हंगाम गमावलेल्या खेळाडूला एक ज्यादा वर्ष मिळावे म्हणून वैद्यकीय सवलतीचा नियमच तिथे करावा लागला आहे.

मेगन रॅपिनो हे नाव आज जगभर ठाऊक आहे. २०१९ च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू ती ठरली. २००५ मध्ये पोर्टलंड विद्यापीठाच्या संघाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा ती पहिल्या वर्षात होती. २००६ मध्ये तिने ११ सामन्यांत १० गोल केले आणि ऑक्टोबरमध्ये तिचे लिगामेंट फाटले. २००७ मध्ये ती परतली आणि दोनच सामन्यांनंतर पुन्हा तीच दुखापत झाली. तिच्या आधीच्या पिढीतील ब्रँडी चॅस्टेन हिने १९९९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारली. महाविद्यालयात असताना तिच्याही दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि १९८७ व १९८८ हे दोन्ही हंगाम तिला गमवावे लागले.

या दोघी परतल्या म्हणून त्यांची नावे माहीत आहेत. न परतलेल्यांची नावे कुणी लक्षात ठेवत नाही.

गुडघ्यात नेमके काय होते?

या लिगामेंटचे नाव ‘अँटेरियर क्रूशिएट लिगामेंट’, थोडक्यात एसीएल. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा हा चिवट पट्टा. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ पडू न देणे, ही त्याची कामे. सरळ चालताना त्याची फारशी परीक्षा होत नाही. धावता धावता अचानक दिशा बदलताना, उडी मारून एका पायावर उतरताना किंवा वेगात येऊन एकदम थांबताना मात्र सगळा भार त्याच्यावर येतो.

अनेकांना वाटते की अशी दुखापत प्रतिस्पर्ध्याच्या धडकेने होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा समोरच्याचा स्पर्शही झालेला नसतो. चेंडू हिसकावण्यासाठी बचावपटू वेगाने पुढे जाते, प्रतिस्पर्धी हुलकावणी देते, तिच्यामागे वळण्यासाठी ही एक पाय रोवते. त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असतो, धड बाजूला झुकलेले असते आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. चित्रफितींच्या अभ्यासातून असे दिसले आहे की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंट फाटते. इतक्या कमी वेळात मेंदूला धोका ओळखून स्नायूंना आदेश देणे शक्यच नसते. पाय कसा टेकवायचा, हे शरीराला आधीच पाठ असावे लागते.

मुलींनाच अधिक धोका का?

अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या म्हणजे एनसीएएच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका खेळाडूचा एक सराव किंवा एक सामना म्हणजे एक सत्र, असे धरले तर दर हजार सत्रांमागे एसीएलच्या दुखापतींचे प्रमाण महिला फुटबॉलपटूंमध्ये ०.३१ आणि पुरुषांमध्ये ०.१३ होते. आकडे किरकोळ वाटतात. पण हिशेब करून पाहावा. २५ जणींचा संघ हंगामात ८० वेळा मैदानात उतरला, तर दोन हजार सत्रे होतात. म्हणजे प्रत्येक संघात दोन हंगामांत सरासरी एकीचा तरी गुडघा जातो.

पुरुषांच्या दुपटीहून अधिक असलेल्या या प्रमाणामागे एकच कारण नाही. स्त्रियांच्या कंबरेची रचना, मांडीच्या हाडातील लिगामेंटसाठीची अरुंद खाच आणि सांध्यांची लवचिकता यांचा वाटा मानला जातो. मासिक पाळीतील संप्रेरकांच्या चढउताराने लिगामेंट सैल पडते का, याबद्दल अजून एकमत नाही. त्याचाच शोध घेण्यासाठी लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातील संशोधनाला फिफाने निधी दिला आहे.

हाडांची ठेवण बदलता येत नाही. स्नायूंच्या सवयी मात्र बदलता येतात. वयात आल्यानंतर अनेक मुली उडीवरून उतरताना गुडघे कमी वाकवतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जास्त विसंबतात. हे पुढचे स्नायू नडगीला पुढे ओढतात, म्हणजे एसीएलवर ताण वाढवतात. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू तिला मागे खेचून लिगामेंटला मदत करतात. मागची बाजू कमजोर राहिली, की रस्सीखेच एकतर्फी होते.

ही कमजोरी सगळीच निसर्गदत्त नसते. मुलाला लहानपणापासून धावणे, झोंबणे, झाडावर चढणे, पुढे वजने उचलणे हे सगळे सहज मिळते. मुलीला व्यायामशाळेचा रस्ता उशिरा सापडतो. अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला बंदी घातली. त्यानंतर विद्यापीठांत मुलींचे संघ झपाट्याने वाढले. १९८२ मधील पहिल्या एनसीएए महिला सॉकर स्पर्धेत अवघे १२ संघ होते. संघ वाढले, तरी मैदाने, बूट आणि व्यायामाचे आराखडे बराच काळ पुरुषांच्या मापाचेच राहिले.

हंगामाच्या घडणीचाही परिणाम होतो. एका सामन्यात खेळाडू साधारण दहा किलोमीटर धावते आणि स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा बराच रिता होतो. तो नीट भरायला दोन ते तीन दिवस लागतात. गुरुवारची संध्याकाळ आणि रविवारची दुपार यांत तेवढे अंतर जेमतेम असते. थकवा हे एसीएल फाटण्याचे एकमेव कारण नाही. पण दमलेले पाय चुकीचे टेकण्याची शक्यता वाढते. त्यात वजन कमी ठेवण्याच्या नादात कुणी जेवण तोडले, तर हाडे आणि स्नायू दोन्ही कमजोर होतात. पाळी अनियमित होणे हा त्याचा इशारा असतो. तो ‘खेळाडूंचे असेच असते’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

६१ संघांवरचा प्रयोग

या दुखापतीला आळा घालता येतो का, याची पडताळणी एका महाविद्यालयीन हंगामातच झाली. कॅलिफोर्नियात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींनी ‘पेप’ नावाचा वॉर्म-अपचा क्रम तयार केला होता. हळू धावणे, स्नायू ताणणे, पाय पुढे टाकून गुडघा वाकवणे, गुडघ्यांवर बसून शरीर सावकाश पुढे झुकवत हॅमस्ट्रिंगला काम देणे, उड्या मारून अलगद उतरणे आणि दिशा बदलत धावणे, असे त्याचे स्वरूप आहे. वेळ वीस मिनिटांच्या आत. साहित्य म्हटले तर चेंडू आणि मैदानावर ठेवायचे काही शंकू.

२००२ च्या हंगामात एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील ६१ महिला संघांतील १,४३५ खेळाडू या अभ्यासात सहभागी झाल्या. काही संघांनी आठवड्यातून तीनदा हा क्रम केला, बाकीच्यांनी नेहमीचा वॉर्म-अप. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील ज्युली गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘पेप’ करणाऱ्या संघांत एसीएलच्या एकूण दुखापतींचा दर ४१ टक्क्यांनी आणि धडकेविना होणाऱ्या दुखापतींचा दर ७० टक्क्यांनी कमी होता. सरावादरम्यानच्या दुखापती एका गटात शून्य, तर दुसऱ्यात सहा होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. एका हंगामात अशा दुखापती मुळात थोड्या होतात. त्यामुळे एकूण आकड्यांतील हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा पक्का ठरला नाही. सरावातील आणि हंगामाच्या उत्तरार्धातील फरक मात्र पक्का ठरला. उत्तरार्धात ‘पेप’ करणाऱ्या संघांत एकही एसीएल दुखापत नोंदली गेली नाही. याचा अर्थ सरळ आहे. स्नायूंना नवी सवय लागायला काही आठवडे जातात. पहिल्या सामन्याच्या दिवशी सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग पहिल्या सामन्यात होत नाही. तयारी सुट्टीतच सुरू व्हायला हवी.

नंतर स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींवर असाच प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांच्या वॉर्म-अपने एसीएल दुखापती ६४ टक्क्यांनी घटल्या. फिफाचा ‘११ प्लस’ हा क्रमही याच धर्तीचा असून तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो.

मग अडते कुठे? सातत्यापाशी. सामन्यांची गर्दी झाली की प्रशिक्षकाला डावपेचांसाठी वेळ हवा असतो आणि पहिली कात्री वॉर्म-अपला लागते. शिवाय टळलेली दुखापत कुणाला दिसत नाही. वीस मिनिटे घालवली हे दिसते. वाचलेला गुडघा धावपट्टीवर उभा राहून सांगत नाही की मी वाचलो.

परतण्याची घाई

लिगामेंट फाटल्यावर बहुतेक तरुण खेळाडू शस्त्रक्रिया करून घेतात. शरीराच्याच एखाद्या स्नायुरज्जूचा तुकडा काढून नवे लिगामेंट बसवले जाते. काही आठवड्यांत चालता येते, काही महिन्यांत धावताही येते आणि नेमका इथेच घोळ होतो. गुडघा दुखत नाही म्हणून तो तयार झाला, असे वाटू लागते. पण बसवलेल्या तुकड्याला शरीरात मुरायला वेळ लागतो. नॉर्वेतील एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. पंचविशीच्या आतील खेळाडू मैदानावर परतल्यावर, साधारण चारपैकी एकीला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा अशी दुखापत होते. म्हणून केवळ महिने मोजून भागत नाही. दोन्ही पायांची ताकद आणि उडी जवळपास सारखी झाली का, हे तपासूनच परवानगी द्यायला हवी.

सर्वांत मोठी किंमत मात्र पदव्या मिळून गेल्यावर कळते. एसीएल फाटल्यानंतर बारा वर्षांनी स्वीडनच्या महिला फुटबॉलपटूंची तपासणी झाली. त्यांचे सरासरी वय अवघे ३१ होते. ज्यांचे एक्स-रे काढले, त्यांतील ५१ टक्के जणींच्या गुडघ्यात संधिवाताची झीज होती. साठीत येणारे दुखणे तिशीत आले होते.

घरच्या खेळाडूसाठी

ही दुखापत फुटबॉलपुरती नाही. आपल्याकडे कबड्डीच्या मैदानावर ती चांगलीच परिचयाची आहे. बास्केटबॉल, हँडबॉल, खो-खो या खेळांतही अचानक थांबणे आणि वळणे असतेच. खेळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला, गुडघा निसटल्यासारखा वाटला आणि दोन-चार तासांत टम्म सुजला, तर तेल चोळणे, मालिश करणे किंवा ‘थोडं खेळून बघ’ म्हणणे टाळावे. खेळ थांबवून, बर्फाने शेकून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सूज उतरली म्हणजे लिगामेंट जुळले असे नसते. तशाच गुडघ्यावर खेळत राहिल्यास आतली गादीही फाटते.

आणि दुखापत होण्याआधीची तपासणी तर अंगणातही होते. मुलीला पायरीवरून उडी मारून दोन्ही पायांवर उतरायला सांगावे आणि समोरून पाहावे. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत वाकतात की एकमेकांकडे झुकतात? झुकत असतील तर घाबरण्याचे कारण नाही. ही सवय बदलता येते. शाळेच्या किंवा क्लबच्या प्रशिक्षकांना एकच प्रश्न विचारावा: सरावाच्या आधीची वीस मिनिटे मुली काय करतात? ‘मैदानाला दोन फेऱ्या’ एवढेच उत्तर मिळाले, तर ते बदलण्यासाठी पुढचा हंगाम सुरू होण्याची वाट पाहू नये.