फसफसूनही मिळमिळीत

तोटी उघडली की ग्लासात नुसता फेस. तो बसेपर्यंत थांबायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा फेसच. शेवटी खाली जी बिअर उरते ती मिळमिळीत, तिच्यात गॅसचा पत्ता नाही. घरी बिअर करून केगमध्ये भरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. आणि त्यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय, म्हणजे केगला जोडलेल्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवून दाब कमी करणं, हा बहुतेक वेळा चुकीचाच असतो.

केगचा हा छंद फोफावला अमेरिकेत. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला संघीय करातून सूट देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन सुरू केली. पुढे शीतपेयांचा पाक स्टीलच्या केगऐवजी खोक्यातल्या पिशव्यांमधून येऊ लागला. मग पाच गॅलनचे, म्हणजे सुमारे १९ लिटरचे, ते जुने केग स्वस्तात विकले गेले आणि हौशी मंडळींच्या गॅरेजात जाऊन बसले. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. आपण पुढची तपासणी मायक्रोब्रुअरीतल्या ग्लासापुरतीच ठेवावी.)

केगमागचा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. त्याचे वडील सोडावॉटर बनवून विकत, तेव्हा विषय घरचाच होता. द्रवात किती वायू विरघळणार, हे त्या वायूचा द्रवावर किती दाब आहे यावर ठरतं. द्रव जितका गार तितका वायू जास्त मुरतो. साध्या वातावरणीय दाबाच्या कार्बन डायऑक्साइडखाली शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे १.७ लिटर वायू विरघळतो, वीस अंशाला जेमतेम ०.९. बहुतेक बिअरना लिटरमागे अडीच लिटरच्या आसपास वायू लागतो. फ्रिजमधल्या तीन-चार अंशांच्या केगला त्यासाठी १२ पीएसआय दाब पुरतो. तोच केग खोलीच्या तापमानाला ठेवला तर २८ च्या आसपास लागतो. मापक मात्र बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे एवढंच दाखवतो. बोल्डर साडेसोळाशे मीटरवर आहे आणि तिथली हवा विरळ, म्हणून समुद्रकाठच्या आकड्यात तिथे अडीचेक पीएसआय वाढवावे लागतात.

शिवाय वायू मुरायला वेळ लागतो. दाब लावून केग सोडून दिला तर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे. इतका धीर कोणाला? मग दाब ३० वर नेऊन केग गदागदा हलवला जातो आणि वायू हव्या त्या मापाच्या पुढे जातो. अशा वेळी गॅसची नळी काढावी आणि केगची झडप दिवसभरात अनेकदा उघडून जादा दाब सोडत राहावं.

आता त्या फेसाकडे वळू. केगमध्ये १२ पीएसआय, ग्लासापाशी साधी हवा. हा फरक वाटेत हळूहळू जिरायला हवा आणि ते काम करते नळी. आतून पाच मिलिमीटरच्या जवळपास व्यासाची, अडीच-तीन मीटर लांबीची नळी घर्षणाने दाब खाते आणि बिअर तोटीतून शांतपणे बाहेर पडते. नळी हातभरच असेल तर सगळा दाब तोटीपाशी एकदम सुटतो, विरघळलेला वायू तिथेच बाहेर पडतो, आणि ग्लासात फेस व मिळमिळीत बिअर एकाच वेळी येतात. म्हणजे केगातली बिअर ठणठणीत असते, ती बिघडते शेवटच्या हातभर अंतरात. अशा वेळी दाब उतरवला की दोन दिवस बरं वाटतं. पण हेन्रीचा नियम सुट्टीवर जात नाही. कमी दाबाखाली केगातला वायूही बिअर सोडू लागतो, नळीत त्याचे फुगे साचतात आणि फेस पुन्हा हजर. आता बिअर खरोखरच मिळमिळीत झालेली असते. माझं मत विचाराल तर रेग्युलेटरला हात लावण्याआधी नळी बदलावी.

पहिलाच ग्लास फेसाळला आणि दुसरा नीट आला तर दोष तापमानाचा. फ्रिजच्या वर आलेली तोटी कोमट राहते, तिथवर थंड हवा पोचवणारा छोटा पंखा पुरतो. प्रत्येक ग्लासात फेस आणि नळीत सतत फुगे दिसत असतील, तर केगातल्या लांब नळीच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग तपासावी. ती झिजली की गॅस तिथून थेट बिअरच्या वाटेत घुसतो.

फेसही नाही आणि गॅसही नाही, तर गळती. साबणाचं पाणी लावून सांधे बघावेत. सिलिंडरवरच्या मापकावर मात्र विसंबू नये. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखाच यातला गॅस द्रवरूपात असतो, आणि थेंबभर द्रव असेतोवर काटा जागचा हलत नाही. खरं उत्तर वजनकाटा देतो.

चवीच्या तक्रारींतही गॅसचा हात असतो. फार गॅस भरलेली बिअर जिभेला बोचते आणि दोष कडवटपणा देणाऱ्या हॉप्सवर जातो. चार्ल्स झुकर आणि निक रायबा यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवरचं एक विकर कार्बन डायऑक्साइडची चव पकडतं. विरळ हवेचा त्रास टाळायला हिमालयात जाणारे आपल्याकडचे ट्रेकर डायमॉक्स घेतात. ते औषध याच जातीच्या विकरांना अडवतं, त्यामुळे त्यांना बिअर पाणचट लागते. म्हणून थोडी बिअर ढवळून तिच्यातला गॅस घालवावा आणि मग चाखावी. बोच गेली तर दोष गॅसचा.

ओल्या पुठ्ठ्याची चव राहिली तर ऑक्सिजन शिरला आहे, आणि त्यावर नंतर इलाज नाही. भरतानाच बिअरवरची हवा घालवावी लागते. ३० पीएसआय गॅस भरून सोडला की समुद्रसपाटीला एक तृतीयांश हवा उरते, पाच वेळा केलं की सुमारे अडीचशेवा भाग. एकदाच फुस्स करून समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

लोण्याचा वास येतो तो डायअॅसिटिल या संयुगाचा. केग भरल्यापासूनच तो असेल तर यीस्टला काम पुरं करू न देताच बिअर गार केली गेली. केग चार दिवस खोलीच्या तापमानाला ठेवला तर उरलेलं यीस्ट बऱ्याचदा तो निस्तरतं. पण सुरुवातीला चांगली असलेल्या बिअरला काही आठवड्यांनी लोण्याबरोबर आंबटपणाही आला, तर संशय जिवाणूंवर घ्यावा आणि तो आधी नळीवर. केगाला नवी, स्वच्छ नळी जोडून थेट ग्लासभर बिअर काढावी. ती चांगली लागली तर केग वाचला. जुनी नळी टाकून द्यावी, तोटी सुटी करून घासावी, आणि नवी नळी दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या द्रावणाने धुऊन पाण्याने खळखळून काढावी.