नाका गेला, वाटा कुठे गेला?

शिरपूरला मुंबई-आग्रा रस्त्यावरचा पालिकेचा जकात नाका मी लहानपणी पाहिला आहे. कापडाचे गठ्ठे, तेलाचे डबे मोजून कारकून पावती फाडायचा. व्यापारी कुरकुरायचे, ट्रकवाले शिव्या घालायचे. पण हा पैसा गावातच राहणार, दिवाबत्ती आणि झाडूवाल्यांचा पगार त्यातूनच निघणार, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

आज त्याच गावात मी २००० रुपयांचा पंखा घेतला, तर १८ टक्क्यांनी ३६० रुपये जीएसटी लागतो. त्यातले १८० केंद्राचे, १८० राज्याचे. यातले शिरपूरला किती? मी कुठल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेलो नाही. या एका प्रश्नापायी पालिकेचे अर्थसंकल्प आणि शासन निर्णय वाचू लागलो. उत्तर मिळाले ते असे : त्या बिलावरून ठरणारा गावाचा वाटा शून्य.

विक्रीकर आपल्याकडे पहिल्यापासून राज्याचाच. मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला, २००५ मध्ये त्याचा व्हॅट झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. गावाचा हक्काचा कर जकात होता. महाराष्ट्राने १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद केली आणि तिच्या बदल्यात 'सहायक अनुदान' सुरू केले. महापालिकांत मात्र जकात पुढेही चालली. नंतर अनेक ठिकाणी तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. मुंबईची जकात तर जीएसटी येईपर्यंत टिकली. जीएसटीसाठी झालेल्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२ क्रमांकाची नोंदच वगळली. जकातीचा आधार तीच नोंद होती.

इथे दोन वाटा फुटतात. महापालिकांसाठी राज्याने २०१७ मध्ये भरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, आणि रक्कम दरमहा. पायाला १०० रुपये धरले, तर पाच वर्षांत त्यांचे सुमारे १४७ होतात. आमच्या खानदेशात धुळे आणि जळगाव २००३ मध्ये महापालिका झाल्या. शिरपूर नगरपरिषदच राहिले, म्हणून त्याची भिस्त सहायक अनुदानावर. बहुतेक नगरपरिषदांत या अनुदानाचा मोठा भाग पगारातच जातो. भोवतीच्या ग्रामपंचायतींना तर विक्रीकराच्या बदल्यात असे काहीच नाही.

सीमेपलीकडचे सेंधवा इथून जवळ आहे. मध्य प्रदेशाने १९७६ मध्येच जकात बंद करून राज्याचा प्रवेशकर लावला, आणि तिथल्या पालिका 'चुंगी क्षतिपूर्ती'वर आल्या. म्हणजे दोन्ही बाजूंना गोष्ट एकच. कर गोळा करण्याचा अधिकार वर गेला आणि खाली भरपाई उरली.

नाका परत यावा असे मी म्हणत नाही. तिथे खोळंबलेल्या गाड्या आणि चिरीमिरी मी विसरलेलो नाही. मला खटकते ते वेगळेच. भरपाई जुन्या वसुलीकडे बघते, वाटा आजच्या व्यवहाराकडे बघतो. भरपाईत गावची बाजारपेठ वाढली तरी पालिकेची मिळकत त्या प्रमाणात वाढत नाही. मग बाजार वाढवायला रस्ता, गटार, पार्किंग करण्यात पालिकेला गोडी कशी वाटावी? कचरा मात्र बाजाराबरोबर वाढतोच.

यावर उपाय घटनेतच लिहिलेला आहे. ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन घातले. राज्याच्या करांतला किती भाग ग्रामपंचायती आणि पालिकांना द्यायचा, हे त्याने सुचवायचे. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. पण तिच्यावर काय केले, हे विधिमंडळापुढे मांडावेच लागते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगतो : आपल्या पालिकेचा अर्थसंकल्प मागून घ्या. जमेच्या बाजूला 'सहायक अनुदान' शोधा, शेजारी घरपट्टी ठेवा, आणि खर्चाच्या बाजूचा पगाराचा आकडा पाहा. हे तीन आकडे शेजारी ठेवले, की आपले गाव स्वतःच्या कमाईवर किती चालते आणि मुंबईहून येणाऱ्या रकमेवर किती, ते घरबसल्या कळते. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारायचा प्रश्नही मग आपोआप सुचतो.