मुलाची तपासणी आणि मजुरीचे दिवस

गोंदिया जिल्ह्यातील अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा आणि शाळांतून वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचे पथक येऊन जावे, अशी योजना आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथके. जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब या चार गोष्टी त्यांनी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत पाहावयाच्या असतात. पहिल्या तीन गोष्टी डोळ्यांना किंवा साध्या चाचणीला बऱ्याच अंशी सापडतात. फाटलेला ओठ दिसतो. रक्तक्षयाची शंका पापणी ओढून पाहिली की येते. चौथी गोष्ट तशी सापडत नाही. तीन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, इतर मुलांत रमत नाही, वर्षभरापूर्वी बोलत असलेले चार शब्दही आता उच्चारत नाही. एवढ्यावरून पथकाला निदान करता येत नाही आणि त्याने ते करूही नये. शंका नोंदवावी, संदर्भपत्र लिहून द्यावे, पुढचे काम तज्ज्ञाचे. योजनेचा कागद इथपर्यंत ठाकठीक आहे. खरा प्रश्न उभा राहतो तो संदर्भपत्र आईच्या हाती पडल्यानंतर.

हा प्रश्न चार-दोन घरांपुरता आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. श्रवणदोष, अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता अशा मज्जासंस्थेच्या वाढीशी निगडित विकारांपैकी निदान एक तरी सुमारे आठ मुलांमागे एकात आढळला. गोंदियाचा त्यात समावेश नव्हता, तेव्हा तो आकडा येथे जसाच्या तसा चिकटवणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन-चार मुले असतीलच, असे एखाद्या अनुभवी शिक्षकाने म्हटले तर त्याला अतिशयोक्तीचा दोष देता येणार नाही.

तज्ज्ञांकडून तपासणी म्हणजे एका डॉक्टरने पाच मिनिटे पाहून औषध लिहून देणे नव्हे. न बोलणाऱ्या मुलाचे कान प्रथम तपासावे लागतात. कारण ऐकू न येणारे मूल आणि स्वमग्न मूल ही दोन्ही हाकेला ओ देत नाहीत, आणि दोघांचे उपचार मात्र अगदी भिन्न आहेत. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, क्वचित मेंदूविकारतज्ज्ञ. स्वमग्नतेच्या मापनासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मापनश्रेणी 2016 साली अधिसूचित झाली. तिच्यात चाळीस बाबी आहेत. मुलाचे निरीक्षण करीत आणि पालकांना विचारीत त्या भराव्या लागतात. घाई करून हे काम होत नाही.

पूर्व विदर्भात या यादीत आणखी एका तपासणीची भर घालावी लागते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार या पट्ट्यात पुष्कळ आढळतो. त्यात मेंदूतील रक्तप्रवाहात अडथळा येऊन बाहेरून काहीही लक्षण न दिसता लहान लहान आघात होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. तिसरीपर्यंत बरे वाचणारे मूल चौथीत मागे पडू लागते, त्याचे लक्ष लागत नाही, आणि गुरुजी त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. त्या मुलाच्या रक्ताची तपासणी कोणी सुचवली, तर कदाचित वेगळीच गोष्ट बाहेर येईल.

आता हिशेब. शासकीय रुग्णालयात केसपेपरचे पैसे नाममात्र असतात किंवा नसतातच, म्हणून ही तपासणी मोफत आहे असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. अर्थशास्त्रात याला मोफत म्हणत नाहीत. 2025-26 या वर्षी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला 312 रुपये होता. समजा, देवरी तालुक्यातील आईवडील मुलाला घेऊन आमगावमार्गे बसने गोंदियाला निघाले. जाण्यायेण्यात आणि रांगेत त्यांचा एक दिवस गेला. कानांच्या चाचणीला दुसरी तारीख मिळाली, मानसशास्त्रज्ञाकडे तिसरी. त्यातून कोणी नागपूरला जाण्यास सांगितले तर रेल्वेने आणखी सुमारे 130 किलोमीटर, आणि मुक्कामही बहुधा ठरलेला. अशा तीन फेऱ्यांना दोघांचे मिळून, फेरीमागे दोन दिवस धरले तर, बारा दिवस पडतात. या बारा दिवसांची बुडालेली मजुरी 3744 रुपये होते. बसचे भाडे, बाहेरचे जेवण आणि घरी ठेवलेल्या धाकट्याची सोय हे सगळे वेगळे.

शिवाय सगळे दिवस सारख्या किमतीचे नसतात. धानाच्या रोवणीचे दिवस आणि एप्रिल-मे महिन्यांतील तेंदूपानांचा हंगाम यांत बुडालेला दिवस वर्षभर भरून येत नाही. नेमकी तारीख त्या दिवसांत पडली तर संदर्भपत्र फळीवर जाऊन बसते. त्यानंतर पालक अज्ञानी आहेत, उदासीन आहेत, अंधश्रद्ध आहेत असे म्हणणे सर्वांना सोयीचे होते. यातील अंधश्रद्धेचा भाग खोटा नाही. नजर लागली, करणी झाली, असे म्हणून पैसा खर्च करणारी घरे आहेतच. पण मांत्रिक गावातच असतो आणि त्याच्याकडे संध्याकाळी कामावरून आल्यावर जाता येते, हेही त्याच्या धंद्याचे एक कारण आहे. त्याची वेळ मजुराच्या वेळेशी जुळते; रुग्णालयाची जुळत नाही.

एवढे सोसून मूल तज्ज्ञापुढे बसले की भाषेची अडचण समोर येते. मराठीत अनेक दशके वापरात राहिलेली बिने-कामत बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी बेतली. ते काम त्या काळाच्या मानाने मोलाचे होते. परंतु सालेकसा किंवा देवरीच्या गोंडी बोलणाऱ्या घरातील, आमगावच्या पोवारी बोलणाऱ्या घरातील किंवा अर्जुनी मोरगावच्या झाडीबोलीत वाढलेल्या मुलाला प्रमाण मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारला, तर त्याचे मौन कशाचे समजावे? प्रश्न न कळल्याचे, की बुद्धी कमी असल्याचे? उलट चूकही संभवते. घरची भाषा वेगळी आहे म्हणून मूल बोलत नसेल, असे समजून खरा वाचादोष दोन-दोन वर्षे सोडून दिला जातो. घरच्या भाषेतही ते बोलते का, हा साधा प्रश्न आईला प्रथम विचारला तर यातील बराच घोटाळा टळतो. तपासणीच्या खोलीत ती भाषा जाणणारी आशा किंवा अंगणवाडी सेविका बसवणे फार खर्चाचे नाही.

आईच्या बाबतीत आणखी एक बोलले पाहिजे. स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांच्या नोंदींवरून केले. पुढे दोनेक दशके पाश्चात्त्य देशांतील विद्वानांतही असा समज रूढ होता की, थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असे होते. बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, 1964 साली या समजाला सप्रमाण विरोध केला. आपल्याकडे तो समज अद्याप वेगळ्या पोशाखात वावरतो: आई कामाला जाते म्हणून, आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून, आईने मोबाईल दिला म्हणून. तारखेला मुलाला घेऊन जाणारी बहुधा तीच असते, आणि घरी परतल्यावर जाब देणारीही तीच.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. 1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती; 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती देण्यास महाराष्ट्राने 1996 पासूनच आरंभ केला होता. पण त्या सवलतीला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला तपासणी लागते, आणि तपासणीची सोय प्रथम मुंबईसारख्या महानगरांत झाली. मुंबईच्या उपनगरातील मुलाला लोकलने जाऊन जे साधते, ते गोंदियाच्या मुलाला रात्रीच्या प्रवासानेही दीर्घकाळ साधत नव्हते. 2016 पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे ही बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मूळ कल्पनाच आहे. म्हणजे आता अंतर नागपूर-मुंबईचे कमी आणि तालुका ते जिल्हा असे अधिक मोजावे लागेल.

ते कमी करण्यासाठी नवी इमारत लागत नाही. महिन्यातील एक ठरलेला दिवस देवरीच्या आणि एक अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयाला मिळावा. त्या दिवशी कान, वाचा आणि मानसशास्त्र या तिन्ही तपासण्या एकाच छताखाली व्हाव्यात. रोवणीच्या पंधरवड्यात तारखा देऊ नयेत. आणि अहवालात किती मुलांना संदर्भपत्रे दिली हा आकडा जसा लिहिला जातो, तसाच किती मुले तज्ज्ञापर्यंत पोचली हाही लिहिला जावा. पहिला आकडा पथकाचे काम दाखवतो. दुसऱ्या आकड्यात मूल असते.

शिक्षकांच्या हातीही एक गोष्ट आहे, आणि तिला कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. मूल तज्ज्ञाकडे जाताना त्याच्या पिशवीत वर्गशिक्षकाने लिहिलेला अर्धा कागद असावा: मूल घरी कोणती भाषा बोलते, केव्हापासून मागे पडले, हाक मारल्यावर काय करते, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असते, एकटे असेल तर काय करीत बसते, वहीतील अक्षर कसे आहे. रुग्णालयाच्या अनोळखी खोलीत भेदरलेले मूल तासाभरात जे दाखवणार नाही, ते शिक्षकाने वर्षभर पाहिलेले असते. त्या कागदाची एक प्रत शाळेत राहावी. पहिली तारीख चुकली तर दुसऱ्या वेळी तो पुन्हा लिहावा लागू नये.