पायरीगणिक घटणारं आयुष्य

हृदयविकार म्हणजे जबाबदाऱ्यांनी वाकलेल्या साहेब लोकांचा आजार, असा समज एकेकाळी पक्का होता. तो मोडीत काढला ब्रिटिश सरकारच्याच कर्मचाऱ्यांनी. लंडनच्या व्हाइटहॉल परिसरातल्या सरकारी कार्यालयांमधल्या सुमारे १८ हजार पुरुषांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. यातला कुणीही बेकार नव्हता, आणि सरकारी आरोग्यसेवेत सर्वांना मोफत उपचार मिळत होते. तरीही पुढच्या दहा वर्षांत शिपाई आणि दारवानांच्या श्रेणीतलं मृत्यूचं प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं.

त्याहून चकित करणारी गोष्ट मधल्या पायऱ्यांवर दिसली. अगदी वरच्या श्रेणीच्या लगेच खाली असलेल्या, चांगला पगार घेणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण वरच्यांपेक्षा जास्त होतं. खालच्या श्रेणींत धूम्रपान अधिक होतं, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब लावूनही तफावतीचा मोठा भाग उरतच होता.

तो कुठून आला, याचा शोध संशोधक मायकेल मार्मट यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या दुसऱ्या पाहणीत घेतला. या वेळी १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचारी सहभागी झाले. ज्यांना आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ठरवता येत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. कामावर ताबा नसण्याचा ताण शरीरावर असा उतरतो: संकट समोर आलं की शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात. हृदयाची धडधड आणि रक्तातली साखर वाढते. संकट टळल्यावर हे सारं पूर्ववत व्हायला हवं. पण ताण रोजचाच असेल, तर शरीराला उसंत मिळत नाही आणि रक्तवाहिन्यांची झीज होत राहते.

उत्पन्नाच्या उतरंडीचा परिणाम अमेरिकेत आणखी ठळक दिसतो. २००१ ते २०१४ मधल्या नोंदींनुसार, तिथल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांपेक्षा १४.६ वर्षांनी जास्त होतं. स्त्रियांमध्ये हा फरक १०.१ वर्षांचा होता.

म्हणूनच ‘व्यायाम करा, तेलकट टाळा’ एवढाच सल्ला अपुरा आहे. दोन पाळ्या करून घर चालवणाऱ्या माणसाने चालायला जायचं कधी? जगण्यापुरता पगार, नोकरीची शाश्वती, कामात स्वतःचं थोडं मत आणि मुलांना निकोप बालपण, ही सगळी औषधंच आहेत. ती दवाखान्यात मिळत नाहीत. अर्थसंकल्पात आणि कामगार कायद्यांत त्यांची तरतूद करावी लागते. पगार ठरवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं असतात, हे धोरणकर्त्यांनी मान्य करायलाच हवं.