खुल्या ज्ञानाचा खर्च कोणी उचलायचा?

विद्वत्तेच्या जगातला पैशाचा व्यवहार बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल असा आहे. प्राध्यापक शोधनिबंध लिहितो, त्याचे त्याला मानधन नाही. दुसरे प्राध्यापक तो तपासतात, त्यांनाही बहुधा काही मिळत नाही. दोघांचा पगार विद्यापीठ देते, आणि तोच निबंध छापून आला की तो वाचण्यासाठी नियतकालिकाची वर्गणीही विद्यापीठच भरते. ही वर्गणी इतकी वाढत गेली की २०१२ साली हार्वर्डसारख्या धनाढ्य विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या सल्लागार समितीने सहकाऱ्यांना लेखी कळवले : बड्या प्रकाशकांच्या नियतकालिकांचा वार्षिक खर्च ३७.५ लाख डॉलरच्या घरात गेला आहे आणि हे असेच चालू ठेवणे परवडणारे नाही.

यावरचा उपाय त्याआधी दहा वर्षे मांडला गेला होता. शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि वापरता यावेत, असे २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने म्हटले. यालाच ‘ओपन अ‍ॅक्सेस’ किंवा खुले प्रकाशन म्हणतात. पण वाचन फुकट झाले तरी प्रकाशन फुकट होत नाही. परीक्षणाची व्यवस्था, संपादन, मांडणी, संगणकावरचे जतन या सगळ्याला पैसा लागतो. वर्गणी बंद झाल्यावर तो आणायचा कोठून? अनेक प्रकाशकांनी तो लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. निबंध स्वीकारला गेला की लेखकाने शुल्क भरायचे आणि मग तो सर्वांना खुला व्हायचा. ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकाने २०२० साली असे शुल्क जाहीर केले, ते होते एका निबंधामागे ९,५०० युरो. म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक.

इतके पैसे खिशातून भरणे कोणाला शक्य आहे? विज्ञानातल्या मोठ्या प्रकल्पांना अनुदान असते, त्यातून शुल्क भागते. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विषयांत तशी सोय क्वचितच. म्हणून विद्यापीठांनीच निधी उभारावा, हा विचार पुढे आला. बर्कलेने २००८ साली असा निधी सुरू केला. पुढच्याच वर्षी कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, एमआयटी आणि बर्कले या पाच विद्यापीठांनी एकत्र करार केला. ग्रंथालय वर्गणीला पैसे देतेच, तसे ते लेखकांच्या शुल्कालाही द्यावेत, हे त्यामागचे सूत्र होते.

याची मोठी परीक्षा कॅलिफोर्नियात झाली. दहा परिसरांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९मध्ये एल्सव्हिअर या बलाढ्य प्रकाशकाशी चाललेली बोलणी मोडली आणि वर्गणी थांबवली. २०२१मध्ये नवा करार झाला. त्यानुसार विद्यापीठातल्या लेखकाचा निबंध खुला प्रसिद्ध होताना शुल्कातले पहिले १,००० डॉलर ग्रंथालयाने द्यायचे, उरलेले लेखकाने आपल्या अनुदानातून भरायचे, असे ठरले. आणि अनुदान नसेल तर ग्रंथालयाने सगळेच भरायचे. ही शेवटची अट फार महत्त्वाची. संस्कृत व्याकरणावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्यामुळे जीवशास्त्रज्ञाच्या पंगतीत बसता येते.

पण त्या पंगतीत बसायला विद्यापीठाच्या पटावर नाव असावे लागते. वर्गणीच्या काळात बाहेरच्या अभ्यासकाला वाचता येत नव्हते, लिहिता मात्र येत होते. शुल्काच्या काळात त्याला वाचता येते. लिहायचे तर कोणाचा तरी आधार हवा. काही नियतकालिके गरजू लेखकांना सूट देतात, पण ती मागावी लागते. मी स्वतः कोणत्याही विद्यापीठाचा नाही, म्हणून हा फरक मला रोज जाणवतो. पण प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे वि. का. राजवाडे कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. मराठीतले संशोधन बरेचसे अशाच माणसांनी उभे केले आहे.

विद्यापीठाचा पैसा वापरण्याची दुसरीही एक रीत आहे. लंडनमध्ये मार्टिन ईव्ह आणि कॅरोलिन एडवर्ड्स यांनी सुरू केलेली ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ २०१५पासून नियतकालिके प्रसिद्ध करते. जगभरची ग्रंथालये तिला दरवर्षी ठरावीक रक्कम देतात. त्यातून नियतकालिके चालतात. वाचक काही देत नाही आणि लेखकही काही देत नाही. त्याच वर्षी भाषाविज्ञानातल्या ‘लिंग्वा’ या एल्सव्हिअरच्या नियतकालिकाचे संपादक मंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्यांनी ‘ग्लोसा’ हे खुले नियतकालिक काढले. पुढे तेही या आधारावर उभे राहिले. इथे पैसा लेखामागे न मोजता नियतकालिकाच्या संसाराला दिला जातो.

भारताने सध्या मुख्यतः वर्गणीचा मार्ग धरला आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे भांडार उघडले, ही मोठीच गोष्ट. याच योजनेत, निवडक खुल्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांच्या शुल्कासाठी वर्षाला १५० कोटींची तरतूद आहे. एका निबंधाला दोन लाख रुपये धरले, तर हे पैसे ७,५०० निबंधांत संपतील. आणि तेही योजनेतल्या संस्थांच्या लेखकांचे.

या रकमेतला काही भाग दुसऱ्या रीतीने खर्च करता येईल. त्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने सार्वजनिक पैशातून ‘शोधगंगा’ हे भांडार उभारले. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध, त्यात मराठीतलेही, तिथे कोणालाही ओळखपत्राशिवाय वाचता येतात. तीच दृष्टी नियतकालिकांना लावावी. प्रत्येक विद्यापीठाने भारतीय भाषांतल्या दोन-चार चांगल्या नियतकालिकांच्या संपादनाचा, परीक्षणाचा आणि जतनाचा खर्च उचलावा, आणि अट एकच ठेवावी : वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत. निबंध स्वीकारताना तो कसा आहे एवढेच पाहिले जावे.