वजनदार मोटारभागांची व्यक्तिगत आयात: करोडगिरी नाक्यापासून न्हावाशेवापर्यंत (विशेष संदर्भ: धाराशिव जिल्हा)

प्रास्ताविक

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या हौशी मालकाने जुनी परदेशी बनावटीची मोटार जतन केली आहे आणि तिचा गिअरबॉक्स भारतात मिळत नाही, असे समजू. परदेशातील विक्रेता तो देण्यास तयार असून किंमतही आवाक्यातील आहे. प्रश्न उरतो तो सत्तर-ऐंशी किलो लोखंड सीमाशुल्काच्या रेषेपलीकडून घरी आणण्याचा. व्यापारी आयातदाराजवळ अनुभव, दलाल आणि खाते असते. सामान्य व्यक्तीजवळ यांपैकी काहीही नसते. कायदा मात्र दोघांनाही जवळजवळ एकच लागू होतो. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

करोडगिरीचा पूर्वानुभव

धाराशिव जिल्ह्याला सीमाशुल्क नवीन नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारचे बार्शी आणि सोलापूर ब्रिटिश मुलखात होते. या दोहोंमधील रेषेवर करोडगिरीचे नाके असत. कंपनी सरकार व निजाम यांच्यातील १८०२ च्या व्यापारी तहाने जकातीचा दर किमतीच्या पाच टक्के ठरविला होता व पुढील काळातही सर्वसाधारण मालासाठी हाच दर आधारभूत राहिला. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. त्यामुळे विलायतेहून आलेला माल मुंबई बंदरात ब्रिटिश हिंदुस्थानचा कर भरून येई आणि संस्थानाच्या हद्दीवर त्याला पुन्हा कर द्यावा लागे.

चलनाचा गुंता निराळाच होता. सहा कलदार रुपये म्हणजे सात हाली रुपये, असा विनिमयाचा हिशेब होता. बार्शीला साठ कलदार रुपयांना घेतलेली वस्तू नाक्यावर सत्तर हाली रुपयांची होई आणि पाच टक्क्यांनी तिच्यावर साडेतीन रुपये कर बसे. हा हिशेब न कळणारा गाडीवान नाकेदाराच्या शब्दावरच अवलंबून राहणार, हे उघड आहे.

वजनाच्या दृष्टीने बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी अरुंदमापी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९११ पर्यंत तो लातूरला पोहोचला. रुंदमापी गाडीतून आलेला प्रत्येक जड नग कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा लहान वाघिणीत चढवावा लागे. जड मालाला कराइतकाच खर्च अशा हाताळणीचा येतो. ही गोष्ट आजही बदललेली नाही.

१९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वातंत्र्यसैनिकांनी करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले, कारण सामान्य माणसाला निजामी सत्ता प्रत्यक्ष भेटे ती तेथेच. मात्र सप्टेंबर १९४८ नंतरही असे कर तत्काळ संपुष्टात आले नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०६ ने ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून ते काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद वगळण्यात आला.

वस्तू नवी की वापरलेली?

आजच्या व्यवहारात पैसे पाठविण्यापूर्वीच या प्रश्नाचा निर्णय झाला पाहिजे. विदेश व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित असून तिला विदेश व्यापार महासंचालनालयाची पूर्वपरवानगी लागते. भंगार बाजारातून स्वस्तात घेतलेला गिअरबॉक्स येथेच अडकतो. परवानगीविना आलेला माल सीमाशुल्क कायदा, १९६२ अन्वये जप्त होऊ शकतो आणि दंड भरून सोडवावा लागला तर स्वस्ताई कोठल्या कोठे जाते.

आयात-निर्यात संकेतांकाच्या बाबतीत व्यक्तीला सवलत आहे. व्यापार, उत्पादन किंवा शेती यांच्याशी संबंध नसलेल्या, केवळ व्यक्तिगत वापराच्या वस्तूंसाठी तो लागत नाही. शेतीचा येथील उल्लेख शेतीप्रधान जिल्ह्याने नीट वाचावा. मोटारीचा भाग मागविणाऱ्याला जी सूट मिळते, ती शेतीसाठी ट्रॅक्टरचा भाग मागविणाऱ्याला मिळत नाही. या भेदामागील तर्क सहज पटणारा नाही.

वर्गीकरणातही चूक होते. मोटारीचे बहुतेक सुटे भाग शीर्ष ८७०८ मध्ये येतात. परंतु इंजिन ८४०७ किंवा ८४०८ मध्ये, इंजिनाचे भाग ८४०९ मध्ये आणि नवे टायर ४०११ मध्ये मोडतात.

भाड्यावरील कर

खरी मेख मूल्यनिर्धारणात आहे. भारतात शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांतील दहाव्या नियमानुसार विम्याची रक्कम ज्ञात नसल्यास ती जहाजावर चढविलेल्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. हवाई मार्गाने आलेल्या मालाचे भाडे मात्र कितीही असले तरी त्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. समुद्रमार्गाला अशी मर्यादा नाही.

समजा, वस्तूची किंमत ४०,००० रुपये आहे. समुद्री भाडे २२,००० रुपये असेल, तर विम्याचे ४५० रुपये मिळवून शुल्कपात्र मूल्य ६२,४५० रुपये होते. तीच वस्तू ७०,००० रुपये भाड्याने विमानातून आणली, तर भाडे ८,००० रुपयेच धरले जाऊन मूल्य ४८,४५० रुपये होते. कर कमी बसतो, पण एकूण खर्च कितीतरी वाढतो. मूळ शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे भाड्यावर दोनदा भार पडतो. व्यापाऱ्याला हा दुसरा कर पुढे वजा करून घेता येतो, व्यक्तीला येत नाही.

बंदरातील दिवस

एकट्या नगासाठी पूर्ण कंटेनर परवडत नाही. तो इतरांच्या मालासोबत येतो आणि त्याचे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर ठरते. लाकडी पेटी वापरल्यास तिच्यावर आंतरराष्ट्रीय मानक १५ नुसार उष्णताप्रक्रियेचा शिक्का आवश्यक असतो. भागातील तेल पूर्णपणे काढून टाकावे लागते. एअरबॅग किंवा बॅटरी असल्यास धोकादायक मालाचे नियम लागू होतात.

माल न्हावाशेवाला उतरल्यावर बिल ऑफ एंट्री दाखल करणे, तपासणी आणि शुल्कभरणा हे टप्पे असतात. धाराशिव तेथून सुमारे चारशे किलोमीटर दूर असल्याने परवानाधारक दलाल नेमणे बहुधा अपरिहार्य ठरते, आणि दलालाचे शुल्क नग लहान म्हणून फारसे कमी होत नाही. दरम्यान गोदामाचे भाडे चढत जाते. कायद्याच्या कलम ४८ अन्वये उतरल्यापासून तीस दिवसांत न सोडविलेला माल मालकाला सूचना देऊन विकला जाऊ शकतो. म्हणून विक्रेत्याचे बीजक, पैसे पाठविल्याचा बँकेचा पुरावा आणि ओळखपत्रे जहाज निघण्यापूर्वीच दलालाच्या हाती असावीत. बीजकावर भागाचा क्रमांक, निव्वळ व ढोबळ वजन आणि ‘नवा’ हा शब्द स्पष्ट लिहून घ्यावा.